डावा पक्ष देशाच्या सत्तेत आल्यावर नेमका कुठे बदलतो, आणि ते तपासायचं कसं?

नवीपेठकर

नवी पेठेत आमचा एक छोटा अभ्यासवर्ग चालतो. पुढची तीन सत्रं, प्रत्येकी दोन तासांची, एकाच विषयावर आहेत: डावे पक्ष निवडणूक जिंकून देशाची सत्ता मिळवतात, त्यानंतर त्यांच्यात काय बदलतं? अशी चर्चा दर वेळी दोनच वाक्यांवर येऊन अडते. एक, 'नेते विकले गेले'. दुसरं, 'परिस्थितीच तशी होती'. दोन्हींतून हाती काही लागत नाही.

कोणते देश घ्यावेत? कोणत्या तारखा, कोणते आकडे बघावेत? आणि धोरण बदललं की पक्षच बदलला, हे वेगळं कसं ओळखायचं? पुण्यात चर्चा म्हटल्यावर १९७७ चे समाजवादी निघणारच, त्यांना यात कुठे बसवावं तेही सांगा. बंगाल आणि केरळ मुद्दाम बाजूला ठेवलेत, कारण चलन, सैन्य, परराष्ट्र धोरण यांतलं काहीच राज्य सरकारच्या हातात नसतं.

लकडीपूल

राज्यं बाजूला ठेवलीत ते बरं केलंत, नाहीतर तीनही सत्रं बंगालमधल्या सिंगूर-नंदीग्रामच्या जमीनवादातच जातील.

प्रत्येक देशासाठी एका कागदावर दोन रकाने आखा. पहिल्यात सरकारने काय केलं त्याच्या तारखा. दुसऱ्यात पक्षाची केंद्रीय समिती, अधिवेशन कधी भरलं आणि तिथे काय ठरलं, त्याच्या तारखा. बहुतेक लेखांत पहिलाच रकाना असतो. दुसरा भरायला घेतला की कळतं, पक्षाने ठरवलं आणि सरकारने केलं, की सरकारने केलं आणि पक्षाने मान डोलावली. धोरण बाहेरच्या दाबाने वाकतं, ते दर वेळी टाळता येतंच असं नाही. पण पक्षाला विचारायचं की नाही, हे ठरवणं पूर्णपणे नेतृत्वाच्या हातात असतं. म्हणून पक्ष बदलल्याचा भरवशाचा पुरावा दुसऱ्या रकान्यात सापडतो, असं माझं मत आहे.

सुरुवात ग्रीसपासून करा. सगळं आठ महिन्यांत घडलं, त्यामुळे दोन्ही रकाने एका पानावर मावतात.

२५ जानेवारी २०१५ ला सिरिझा या डाव्या पक्षाला ३०० पैकी १४९ जागा मिळाल्या. बहुमताला दोन कमी पडल्या, म्हणून उजव्या राष्ट्रवादी 'अनेल' पक्षाबरोबर सरकार बनवलं. ४ फेब्रुवारीला युरोपीय मध्यवर्ती बँकेने ग्रीक सरकारचे रोखे नेहमीच्या कर्जासाठी तारण म्हणून घेणं थांबवलं. आता ग्रीक बँका फक्त आणीबाणीच्या कर्जावर जगत होत्या, आणि त्या कर्जाची कमाल मर्यादा फ्रँकफर्टहून, म्हणजे त्याच युरोपीय बँकेच्या मुख्यालयातून, ठरत होती. ठेवीदार पैसे काढत राहिले. २८ जूनला ती मर्यादा वाढवायला नकार मिळाला आणि दुसऱ्या दिवसापासून बँका बंद. एटीएममधून माणशी दिवसाला ६० युरो. वीसच्या नोटा संपल्यामुळे बऱ्याच ठिकाणी हातात ५० च पडत. ५ जुलैच्या सार्वमतात ६१.३ टक्के लोकांनी धनकोंच्या अटी नाकारल्या, आणि १३ जुलैला सरकारने त्याहून कडक अटी मान्य केल्या. तिसरं कर्ज ८६ अब्ज युरोपर्यंतचं होतं.

इथे नेमकं काय चुकलं त्यावर वेळ द्या. भांडवल देशाबाहेर जाण्यावरचे निर्बंध फेब्रुवारीत लावले असते तर वाटाघाटींना थोडं बळ राहिलं असतं. ते लागले जूनच्या शेवटी, पैसा निघून गेल्यावर. युरो सोडायचा नाही हे सरकारने आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे समोरच्याला घाई करायचं कारणच उरलं नव्हतं.

आता दुसरा रकाना. २०१ जणांच्या केंद्रीय समितीतल्या १०९ सदस्यांनी, म्हणजे स्पष्ट बहुमताने, कराराविरुद्धच्या निवेदनावर सह्या केल्या. १५ जुलैला संसदेत पक्षाच्याच ३२ खासदारांनी विरोधात मत दिलं. ३० जुलैला समिती भरली आणि सप्टेंबरात विशेष अधिवेशन घ्यायचं ठरलं. २० ऑगस्टला पंतप्रधान त्सिप्रास यांनी राजीनामा देऊन २० सप्टेंबरची निवडणूक लावली. अधिवेशन भरलंच नाही, ते झालं थेट ऑक्टोबर २०१६ मध्ये. आणखी एक तपशील चर्चेत हमखास सुटतो. ग्रीक कायद्यानुसार आधीच्या निवडणुकीपासून १८ महिन्यांच्या आत पुन्हा निवडणूक झाली, तर मतदाराला उमेदवारांत पसंती देता येत नाही, पक्षाने लावलेला क्रमच चालतो. म्हणजे यादीत वर कोण आणि खाली कोण, हे नेतृत्वाने ठरवलं. पक्षातले विरोधक बाहेर पडून वेगळे लढले, २.८६ टक्क्यांवर थांबले. संसदेत यायला ३ लागतात.

करार सक्तीचा होता, असं मी मान्य करतो. अधिवेशनाआधी निवडणूक घेणं मात्र कोणी सक्तीने करवून घेतलेलं नव्हतं.

फ्रान्स दुसऱ्या सत्रात घ्या. तिथे बहुमताची अडचणच नव्हती. १९८१ मध्ये समाजवादी पक्षाचे मितराँ अध्यक्ष झाले, संसदेत समाजवाद्यांना एकट्याने बहुमत मिळालं, तरीही चार कम्युनिस्ट मंत्री घेतले. किमान वेतन १० टक्के वाढवलं, पाचवा आठवडा भरपगारी रजा, ३९ तासांचा आठवडा, निवृत्ती ६० व्या वर्षी. फेब्रुवारी १९८२ च्या कायद्याने पाच मोठे उद्योगसमूह आणि बहुतेक बँका सरकारी झाल्या. पण शेजारचे देश त्याच वेळी खर्च आवळत होते. फ्रेंच कामगाराच्या हातात जास्त पैसा आला, त्यातला बराच आयात मालावर गेला, व्यापारी तूट फुगली. फ्रँक युरोपीय चलन व्यवस्थेत जर्मन मार्कशी बांधलेला होता. ऑक्टोबर १९८१, जून १९८२, मार्च १९८३ असं तीनदा अवमूल्यन करावं लागलं, आणि दर वेळी जर्मनीशी घासाघीस करून. मार्च १९८३ मध्ये प्रश्न एकच राहिला: चलन व्यवस्थेतून बाहेर पडायचं की खर्च कापायचा? खर्च कापला. परदेशी जाणाऱ्या फ्रेंच नागरिकाला वर्षाला फक्त २,००० फ्रँक नेता येतील असा नियम आला, त्यासाठी बँकेकडून नोंदवही घ्यावी लागे. पक्षाचं अधिवेशन? ऑक्टोबर १९८३, सात महिन्यांनी.

पर्वती

वरच्या दोन रकान्यांत मी तिसरा घालेन: माणसं कुठून कुठे गेली. पक्षाच्या समित्या वेळेवर भरूनही पक्ष पोकळ होऊ शकतो, कारण समितीत बसलेला प्रत्येक जण आता मंत्री, मंत्र्याचा सचिव किंवा महामंडळाचा अध्यक्ष असतो. तो सरकारविरुद्ध हात वर कसा करणार?

यासाठी ब्राझील घ्या. कामगार पक्षाची स्थापना १९८० ची, पाया मुख्यतः कामगार संघटनांचा. पक्षाचे नेते लुला अध्यक्षपदाची निवडणूक जिंकले ऑक्टोबर २००२ मध्ये, पण बदल जूनपासूनच दिसतो, जेव्हा त्यांनी जनतेला उद्देशून पत्र काढून देशाने केलेले करार पाळण्याची हमी दिली. उपाध्यक्षपदाला कापड उद्योगपती. मध्यवर्ती बँकेवर मेरेलेस, जे एका अमेरिकन बँकेचे माजी प्रमुख आणि विरोधी पक्षाच्या तिकिटावर नुकतेच निवडून आलेले. व्याजाचा दर २५ वरून २६.५ टक्क्यांवर नेला. सरकारने व्याज वगळून ठेवायची शिल्लक आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मागितलेल्या, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३.७५ टक्क्यांवरून स्वतःहून ४.२५ केली. हे आकडे मुद्दाम देतोय, कारण 'दाबामुळे केलं' हा खुलासा इथे अर्धाच लागू पडतो, मागितलं त्याहून जास्त दिलं गेलं. आणि त्याच वर्षी, २००३ च्या ऑक्टोबरात, बोल्सा फामिलिया योजना सुरू झाली, जिने लाखो गरीब कुटुंबांच्या हाती दरमहा पैसा पोचवला. दोन्ही गोष्टी एकाच सरकारने एकाच वर्षी केल्या, त्यातली एकच सांगून चालणार नाही.

माणसांचा रकाना असा. २००३ च्या पेन्शन सुधारणेचा फटका सरकारी कर्मचाऱ्यांना बसला, म्हणजे पक्षाच्याच कामगार महासंघाच्या मोठ्या सभासदवर्गाला. विरोधात गेलेल्या एक सिनेटर आणि तीन खासदारांना डिसेंबर २००३ मध्ये काढलं. २००५ मध्ये त्याच महासंघाचे अध्यक्ष कामगारमंत्री झाले. पक्षाच्या घटनेनुसार सरकारी पदावर नेमलेल्या सभासदाने पगारातला ठरलेला हिस्सा पक्षाला द्यायचा असतो. सत्तेबाहेर असताना हा नियम शिस्तीचा. सत्तेत हजारो नेमणुका हातात आल्या की पक्षाचं उत्पन्न त्या नेमणुकांवरच अवलंबून राहू लागतं. ५१३ च्या सभागृहात पक्षाचे ९१ खासदार होते, बाकीचं बहुमत लहान पक्षांकडून जमवायचं. २००५ चं खासदारांना पैसे वाटल्याचं प्रकरण या गणितातून आलं.

स्पेन उलट्या बाजूने उपयोगी. तिथे समाजवादी पक्ष सत्तेआधीच बदलला होता. मे १९७९ च्या अधिवेशनात मार्क्सवाद सोडायचा ठराव पडला तेव्हा पक्षाचे नेते गोन्सालेस यांनी सरचिटणीसपद सोडलं. चार महिन्यांनी विशेष अधिवेशन भरलं, तेव्हा प्रांताच्या संपूर्ण शिष्टमंडळाचं मत शिष्टमंडळाचा प्रमुख एकगठ्ठा देत होता. ठराव बदलला, नेते परत आले. १९८२ मध्ये ३५० पैकी २०२ जागा. नाटोत जायला विरोध करत निवडून आलेल्या या पक्षाने मार्च १९८६ च्या सार्वमतात नाटोत राहण्याच्या बाजूने प्रचार केला आणि जिंकला. पण १४ डिसेंबर १९८८ ला संपूर्ण देश बंद पडला, आणि तो बंद पुकारणाऱ्या दोन महासंघांतला एक याच पक्षाने शंभर वर्षांपूर्वी उभा केलेला होता. त्याचे नेते रेदोंदो यांनी आदल्या वर्षी पक्षाची खासदारकीही सोडली होती. कामगार संघटना पक्षापासून सुटी झाली, आणि म्हणूनच सभासदांच्या बाजूने उभी राहू शकली.

१९७७ चे समाजवादी याच रकान्यात बसवा. मार्चमध्ये जनता पक्षाचं सरकार आलं, १ मे ला समाजवादी पक्ष जनता पक्षात विलीन झाला. त्या क्षणापासून दुसरा रकाना रिकामाच राहतो, कारण ठराव करणारी समितीच उरली नाही. मधू दंडवते यांनी रेल्वेत चांगलं काम केलं. १९७४ च्या संपात काढलेल्या कामगारांना परत घेतलं, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमची गादी आली. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. कामं झाली, पण जुलै १९७९ मध्ये सरकार पडलं तेव्हा समाजवाद्यांना परत जायला स्वतःचं घर राहिलं नव्हतं. कोणी जनता पक्षात थांबले, कोणी लोकदलाकडे गेले. पुण्यात जे टिकलं ते विलीन न झालेलं: राष्ट्र सेवा दल, हमाल पंचायत. दोघांचे सभासद वेगळे, पैसा वेगळा. एस. एम. जोशी आणि नानासाहेब गोरे यांच्याबद्दल आपल्याकडे फार बोललं जातं, ते योग्यच आहे, पण तुमच्या सत्रात व्यक्तींपेक्षा विलीनीकरणाच्या निर्णयावर वेळ द्या.

नवीपेठकर

दोघांचे आभार, तीन रकाने नक्की करतो. एक शंका. पक्ष सरकारपासून वेगळा ठेवला तर तो शाबूत राहतो, हे पटलं. पण मग लोकांना काय मिळतं? १९९६ मध्ये माकपने पंतप्रधानपद नाकारलं, तेव्हा पक्ष अभंग राहिला आणि हाती काहीच आलं नाही, असं आमच्यातले निम्मे म्हणतात.

मुठाकाठ

निम्म्यांचं म्हणणं १९९६ पुरतं खरं आहे, २००४ ला लागू होत नाही.

१९९६ मध्ये संयुक्त आघाडीने ज्योती बसूंचं नाव पुढे केलं आणि केंद्रीय समितीने बहुमताने नाही म्हटलं. बसूंनी त्याला ऐतिहासिक घोडचूक म्हटलं, पण निर्णय पाळला. १९९८ च्या महाअधिवेशनाने समितीचा निर्णय योग्य ठरवला. म्हणजे दुसरा रकाना इथे नमुनेदार आहे: समिती आधी, नेता नंतर. भाकपने वेगळं ठरवलं, इंद्रजित गुप्त गृहमंत्री आणि चतुरानन मिश्र कृषिमंत्री झाले. २००० मध्ये माकपने कार्यक्रमात दुरुस्ती करून केंद्रातल्या सरकारात जाण्याची वाट मोकळी ठेवली, हेही नोंदवा.

२००४ मध्ये डाव्यांचे ५९ खासदार होते आणि काँग्रेसच्या आघाडी सरकारला पाठिंबा बाहेरून. लेखी किमान समान कार्यक्रम आणि समन्वय समिती, ही दोन हत्यारं. २००५ मध्ये भेल या सरकारी कंपनीचा १० टक्के हिस्सा विकायचा निर्णय झाला तेव्हा डाव्यांनी समन्वय समितीवर बहिष्कार टाकला आणि विक्री थांबली. रोजगार हमी कायदा २००५ चा, वनहक्क कायदा २००६ चा, दोन्हींवर त्यांचा ठसा आहे. मंत्रिपद एकही नाही. पण बाहेरून पाठिंब्याला एकच मोठी तलवार असते, पाठिंबा काढून घेणं, आणि ती एकदाच चालते. जुलै २००८ मध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावर ती उपसली, सरकार २७५ विरुद्ध २५६ ने वाचलं, सभापतिपद न सोडल्याबद्दल सोमनाथ चटर्जींना पक्षातून काढलं, आणि २००९ मध्ये माकप ४३ वरून १६ वर आला. रोजगार हमीवर पाठिंबा काढायची धमकी लोकांना कळली असती, अणुकरारावरची पोचली नाही. पडझडीला बंगालमधली कारणंही होती, सगळं करारावर ढकलू नका.

लकडीपूल यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. परकीय चलनाचा दाब ही खरी अडचण आहे, पण डाव्या सरकारचं नेहमी तिथेच अडतं असं नाही. नेपाळमध्ये अडलं सैन्यावर. २००८ च्या संविधान सभेत माओवाद्यांना निवडून द्यायच्या ५७५ पैकी २२० जागा मिळाल्या. त्यांचे नेते 'प्रचंड' पंतप्रधानही झाले आणि पक्षाध्यक्षही राहिले. मे २००९ मध्ये सेनाप्रमुख कटवाल यांना काढलं, राष्ट्रपतींनी त्यांना पदावर राहायला सांगितलं, सहकारी पक्ष बाहेर पडला, दुसऱ्या दिवशी प्रचंड यांचा राजीनामा. शिबिरांतल्या १९,६०२ माओवादी लढवय्यांची राष्ट्रसंघाने नोंद केली होती, शेवटी सैन्यात गेले सुमारे १,४००, बहुतेक बाकीच्यांनी रोख रक्कम घेऊन निवृत्ती पत्करली. २०१२ मध्ये मोहन वैद्य यांचा गट फुटला, २०१३ मध्ये जागा ८०. लढवय्ये आणि त्यांची घरं हा पक्षाचा कणा होता. तो ज्या पद्धतीने मोकळा झाला, त्यातून पक्षाचं काय झालं, हे कुठल्याही अर्थसंकल्पापेक्षा महत्त्वाचं.

आणि श्रीलंका घ्याच, कारण ते आत्ता चालू आहे. जनता विमुक्ती पेरमुना या डाव्या पक्षाने १९७१ मध्ये आणि १९८७ ते ८९ मध्ये सशस्त्र उठाव केले. २०१९ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पक्षाचे नेते दिसानायके यांना ३.१६ टक्के मतं होती. सप्टेंबर २०२४ मध्ये ते अध्यक्ष झाले, नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आघाडीला २२५ पैकी १५९ जागा. नाणेनिधीचा सुमारे ३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम आधीच्या सरकारने मार्च २०२३ मध्ये घेतलेला. प्रचारात त्यात बदल करू म्हटलं होतं, सत्तेत आल्यावर चौकट तीच ठेवली: व्याज वगळता शिल्लक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.३ टक्के, रोख्यांची पुनर्रचना डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण. चौकटीच्या आत जागा शोधली ती अशी: प्राप्तिकर लागू होण्याची मर्यादा महिना दीड लाख रुपयांवर नेली, माजी राष्ट्राध्यक्षांच्या सवलती कायद्याने काढल्या.

माणसांच्या रकान्यात मात्र वेगळं दिसतं. पक्षाचे सरचिटणीस टिल्विन सिल्वा ना खासदार, ना मंत्री. पक्षाच्या खासदारांचा पगार सामाईक निधीत जमा करायची जुनी पद्धत आहे. पण आघाडीतले बरेच नवे खासदार प्राध्यापक, डॉक्टर, वकील आहेत, ज्यांनी पक्षाच्या शाखेत कधी काम केलेलं नाही. पक्ष लहान आणि घट्ट, आघाडी मोठी आणि सैल. दोन्हींत मतभेद झाला तर निर्णय कुठे होतो, हे आत्तापासून तारखांसह लिहून ठेवता येईल.

लकडीपूल

नेपाळबद्दल मान्य, पैशाच्या जोडीला सैन्य हवंच. चिलीत १९७३ मध्ये तर सैन्यानेच डावं सरकार उलथवलं होतं.

सत्रांचा क्रम माझ्या मते असा ठेवा. पहिल्यात ग्रीस आणि श्रीलंका समोरासमोर, कारण दोघांपुढे धनकोच होते, पण श्रीलंकेकडे स्वतःचं चलन आहे आणि ग्रीसकडे नव्हतं. दुसऱ्यात फ्रान्स आणि ब्राझील. ज्यांना अर्थशास्त्र जड जातं त्यांना फ्रँकच्या तीन अवमूल्यनांच्या तारखाच द्या, त्यापुढचं चर्चेत निघतं. तिसऱ्यात नेपाळ, १९७७ आणि २००४ ते २००८. स्पेन वेळ उरला तर.

प्रत्येक देशाला दोन जण नेमा, एक सरकारच्या तारखा काढेल, दुसरा पक्षाच्या. एकाच माणसाने दोन्ही केल्या तर पक्षाच्या तारखा सरकारच्या तारखांना जुळवून वाचल्या जातात. आपल्या १९७७ साठी गोखले इन्स्टिट्यूटचं गाडगीळ ग्रंथालय आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली पुरेत. मार्च १९७७ ते जुलै १९७९ या काळात समाजवादी गटाची वेगळी बैठक कुठे आणि कधी झाली, तेवढंच शोधायला सांगा.